हजेरीच्या कागदावरची सही

प्रिय हे-रिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच टाकून दिलं असतंस, म्हणून पत्ता तुझ्या आईच्या हातून लिहून घेतला. तू तोंगयंगला मावशीकडे कालवं सोलतेस, असं त्या म्हणाल्या. तू कशी आहेस विचारलं, तर म्हणाल्या, "हातांना काम आहे." पुढे मी विचारलं नाही.

इथे चांगवनला कारखाना तसाच आहे. मी अजून आस्थापना विभागात फायली लावते. एप्रिलमध्ये मात्र एक नवल घडलं. लैंगिक छळ रोखण्याचं वार्षिक प्रशिक्षण पहिल्यांदाच खरोखर झालं. कामगार कार्यालयाची तंबी आली, म्हणून शिकवायला प्यो नावाच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या. विभागप्रमुख ग्वाक नेहमीसारखे पुढच्या खुर्चीत बसले होते. मागची पोरं खिदळत होती. बाईंनी खिदळू दिलं आणि मग शांतपणे विचारलं, "हात टाकणारा एक असतो. बघणारे किती असतात?"

त्या म्हणाल्या, भांडायची ताकद सगळ्यांत नसते. पण उठून मधे बसता येतं. पोरीला हाक मारून दुसरीकडे नेता येतं. तारीख लिहून ठेवता येते, आणि तक्रार कुठे करायची तेवढं सांगता येतं. इतकं सोपं होतं गं ते.

मला आपली कारखान्याची शरद ऋतूतली डोंगरसहल आठवली. ग्वाकने तुला शेजारी बसवून घेतलं होतं. "ओत पोरी, तुझ्या हातची दारू गोड लागते," म्हणत त्याचा हात तुझ्या कमरेवर गेला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी नासपती चिरत होते. मी खाली पाहिलं आणि फोडींची बशी पुढे सरकवली, त्यालाच आधी.

दोन दिवसांनी तू फायलींच्या खोलीत आलीस. "ताई, याची तक्रार कुठे करतात?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस, ते तुला मुलीसारखी मानतात. खरं सांगू? कुठे करतात ते मला माहीत होतं. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलेलं होतं. ते पान मी कुणाला कधी दाखवलं नव्हतं. दरवर्षी मी हजेरीचा कागद टेबलाटेबलावर फिरवायचे, लोक मान वर न करता सह्या करायचे. वीस मिनिटांत साऱ्या कारखान्याचं प्रशिक्षण उरकायचं.

मग चार महिने तू सोसलंस, आणि शेवटी स्वतःच पत्ता शोधून तक्रार केलीस. चौकशीत साहेबांनी हजेरीचा तोच कागद समोर ठेवला. हिला प्रशिक्षण मिळालं होतं, मार्ग ठाऊक होता, मग चार महिने गप्प का बसली? ही सही माझी नाही, असं तू तीनदा म्हणालीस. एक साहेब हसून म्हणाले, "आता स्वतःचं अक्षरही परकं झालं का?" निकाल तीन ओळींचा लागला. तू खोटारडी ठरलीस आणि ग्वाकला बढती मिळाली.

यंदा त्या तासानंतर पॅकिंगमधली सोल-बी उठली आणि सगळ्यांदेखत बाईंना ग्वाकचं नाव सांगितलं. कँटीनमधल्या दोघीजणी तिच्या दोन्ही बाजूंना जाऊन उभ्या राहिल्या. ग्वाक आता घरी बसलाय. लोक म्हणतात, पोरगी धीट आहे. धीट तूही होतीस. तुझ्या शेजारी उभं राहायचं असतं, हे शिकवणारा तास मी कागदावर उरकला होता.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. त्या वर्षी मी हजेरीचा कागद फिरवला, त्या दिवशी तू गोदामात माल मोजायला गेली होतीस. तुझी एकच जागा रिकामी राहिली होती, आणि पाचच्या आत कागद वर पाठवायचा होता. ती सही मी केली. चौकशीत मी तुझ्यासमोर बसून टेबलाकडे पाहत राहिले. काल कामगार कार्यालयात हे सगळं लिहून, खाली स्वतःच्या नावाची सही करून आले. तुला आधी विचारायला हवं होतं, तेही मी केलं नाही. या आठवड्यात तिथून फोन येईल. परक्या माणसाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढंच. फोन उचलायचा की नाही, ते तू ठरव. मला उत्तर पाठवू नकोस.

तुझीच म्हणण्याचा हक्क उरला नाही, म्हणून नुसतीच,
बे ओक-सून