आजोबा वहीत उतरले, त्याची हकिकत

तीर्थस्वरूप आत्यांस,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देत असतील अशी आशा आहे. इकडे माझी प्रकृती ठीक, आजीची माझ्याहून ठीक. काळजीची गोष्ट निराळीच आहे आणि ती सांगायला मला जरा वळसा घ्यावा लागेल, राग मानू नये.

आजी-आजोबांचे तिकडे, मागे सोडून आलेल्या देशात कसे जमले ते सगळे लिहून काढ, असे तुम्ही मला सांगितलेत, कारण माझे अक्षर चांगले. (शाळा आठवीत सुटली, पण लाँड्रीत रोज दोनशे कपड्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावतो, अजून कोणाचा सदरा कोणाकडे गेलेला नाही.) मी शंभर पानी वही आणली, समास आखला, अवघड शब्द शब्दकोशात पाहून घेतले. पहिली गोष्ट काडीची. आजोबा कुलुपे दुरुस्त करायचे. त्यांना बोलावता यावे म्हणून आजीने स्वतःच्याच दाराच्या कुलपात काडी मोडून ठेवली, एकदा नव्हे, चारदा. चौथ्यांदा आजोबा हत्यारे आवरताना हळूच म्हणाले, "पुढच्या खेपेला काडी नको, नुसता निरोप पाठवा." हे सांगताना आजी लाजली होती. दुसऱ्या दिवशी मी एक तपशील विचारायला गेलो (वार कोणता, एवढाच), तर म्हणाली, "कुठली म्हणे ही मुलगी? भलतीच आगाऊ दिसते."

वय झाले, असे मी धरून चाललो. मग होडीची गोष्ट लिहिली, तीही तिच्या आठवणीतून गेली. हरवलेल्या हातमोज्याची गेली. एक गोष्ट मी पडताळा घ्यायला मुद्दाम अर्धीच उतरवली. आजी आता पहिला भाग वगळून सुरुवात करते ती आजोबा तिच्या फाटकाशी उभे आहेत इथपासून, आणि ते कुठून आले हे तिला सांगता येत नाही. मंगळवारी दुपारी फाटकाची कडी दोनदा वाजली. आपल्या घराला फाटक नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी पाने फाडून पाहिली, उपयोग नाही. पुन्हा लिहून तिला वाचून दाखवली, तर तिने मन लावून ऐकले, डोळे पुसले आणि विचारले, "मग त्या दोघांचं लग्न झालं का रे?" भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोसमोर ती हल्ली पाहुण्यासमोर बसावे तशी अवघडून बसते.

आता एकच गोष्ट पुरी उरली आहे: आजोबांनी मागणी कशी घातली. तेवढी असेपर्यंत तिला आजोबा आहेत. वही महिनाअखेर छापायला जायची आहे हे मी विसरलेलो नाही, पण ती गोष्ट मी लिहिणार नाही. दोन पाने कोरी सोडली आहेत. मला काय बोलायचे ते बोला.

आपला (ही एक बाब सोडून) आज्ञाधारक भाचा

ता. क. ती गोष्ट माझ्याशिवाय आणखी कोणी तरी ऐकून ठेवायला हवी. म्हणून तुम्हीच या. पेन आणू नका.

पुन्हा ता. क. हे लिहून झाल्यावर आजीला चहा द्यायला गेलो. तिने उठून मला खुर्ची दिली आणि फार अदबीने विचारले, "आपण कोणाकडे आलात?" तेव्हा ध्यानात आले की इतका वेळ मी आजी आणि मी, आमच्या दोघांबद्दलच लिहीत होतो. पत्र फाडण्यात अर्थ नाही, तसेच पाठवतो. तुमच्याबद्दल यात (दोनदा तपासले) फारसे काही आलेले नाही, तेव्हा तुम्हाला ती ओळखेल. मिळेल त्या गाडीने या आणि मी कोण, ते तिला तोंडी सांगा.