माझ्या वाटणीचं पाणी

बाई, तुम्हाला मराठी येत नव्हतं, आणि वाचता तर कुठलीच भाषा येत नव्हती, तरी लिहायला बसलोय. आपण बोलायचो ते स्वाहिलीत, माझ्या मोडक्यातोडक्या. सध्या जर्मनीत आहे, वोल्फ्सबुर्गला, गाड्यांच्या कारखान्यात दारं बसवतो. आफ्रिकेतलं तुमचं टांगानिका सोडल्यावर एडन झालं, नेपल्स झालं, एका बोटीवर सहा महिने कांदे सोलले, ते राहू दे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली.

तुम्ही मिशनच्या दवाखान्यातर्फे गावोगाव फिरायचात आणि मी दवाखान्याची गाडी चालवायचो. रस्ता संपला की औषधांची पेटी माझ्या डोक्यावर. प्रत्येक झोपडीत तुमचं एकच सांगणं, पाणी उकळून प्या. "आणि लाकडं कोण आणणार, तुझा नवरा?" बायका विचारायच्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसायचात. मग त्या पाणी पुढं करायच्या, त्याच डबक्यातलं, न उकळलेलं, आणि तुम्ही ते प्यायचात. एकदा मी रागावलो, तर म्हणालात, "जिचं पाणी मी पीत नाही, ती माझं कशाला ऐकेल?" डबक्यात गुरं शिरतात, त्याला कुंपण घाला, एवढंच मागायला तुम्ही जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाच्या कचेरीच्या पायरीवर तीन दिवस बसलात. साहेब रोज तुम्हाला ओलांडून आत जायचा.

मी त्या पाण्याला हात लावत नव्हतो. उपास आहे, म्हणायचो. घरधनीण चिडायची, "आम्ही काय विष घालतो का याला?" तुम्ही म्हणायचात, "त्याचा देव कडक आहे, आण इकडे," आणि माझ्या वाटणीचं भांडंही तुम्हीच रिकामं करायचात. परत गाडीत आलो की मी केळं सोलतोय आणि तुम्ही बघताय.

"केळं चालतं?"

"चालतं, बाई."

"भाजलेला मका?"

"तोही."

"आणि पाणीच तेवढं चालत नाही. अजब देव आहे रे तुझा."

मग तुम्हाला विषमज्वर झाला. दवाखान्यात नेताना वाटेत तुम्ही पाणी मागितलंत. सीटखाली माझी बाटली होती, सकाळीच उकळून भरलेली. रोज भरायचो. दिली. दोन घोट घेऊन तुम्ही थांबलात. उकळलेल्या पाण्याची चव तुम्हाला नाही कळणार तर कुणाला? मला वाटलं, आता शिव्या पडणार. तुम्ही म्हणालात, "एवढ्या गावांत माझं ऐकलंस ते तू एकट्यानंच." आणि बाटलीचं तोंड अंगावरच्या कापडानं पुसून ती मला परत दिलीत. रागानं म्हणालात की समाधानानं, मला अजून ठरवता येत नाही. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. गेल्या वर्षी तिथल्या नर्सचं पत्र फिरत फिरत पोचलं. कुंपण नाहीच. तुमच्या जागी जी आली, तीही घरोघर पाणी पिते म्हणे.

परवा ब्राउनश्वाइगला गेलो होतो. तिथं पुण्याचा एक मुलगा इंजिनिअरिंग शिकतो, त्यानं मला चर्चच्या हॉलमध्ये आफ्रिकेवर बोलायला उभं केलं. जर्मन माझी स्वाहिलीहून वाईट, पण तुमच्याबद्दल बोललो, पायरीचं सांगितलं. एका म्हातारीचे डोळे भरून आले. तिनं माझ्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला, नळाचं स्वच्छ गार पाणी, आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, आज उपास आहे. "आख सो, असं होय," म्हणत बिचारी ग्लास परत घेऊन गेली. पुण्याचा मुलगा कानाशी येऊन हसला, "अहो, पाण्याला कुठं उपास असतो?"

हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी टाकलं नसतं, कारण तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मग त्यालाही कळलं असतं. तुम्हाला तर तेव्हाच कळलं होतं. बाई, जन्मात मी एकही उपास केलेला नाही. परवा हॉलमध्ये तर मला तहानही लागली होती.