फ्लेक्सवरचं लेकरू

प्रिय माय,

तू जाऊन दीड वर्ष झालं. तुला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही; तुला कुठं वाचता येत होतं! पण आज तुझ्यावर रागावलोय, अन् ते दुसऱ्या कुणाला सांगू?

मागच्या आठवड्यात शाळेतून निवृत्त झालो. माझ्या पोरींनी उमरीच्या चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. एका बाजूला टकलासकट आजचा मी, दुसऱ्या बाजूला तुझ्या मांडीवर बसलेला वर्षभराचा मी. तुझ्या पेटीतला तोच फोटो. सगळे म्हणाले, "गुरुजी, लहानपणी लई गोड होतात की!" मीही फुशारलो.

मग लोह्याहून मुक्ताआत्या आली. फ्लेक्ससमोर उभी राहिली ती हलेचना.

"केरबा, ह्यो तू न्हाईस रं."

"मग कोण हाय?"

"नाक बघ की त्याचं. तुझं तर बारशालाच टोचलं हुतं."

माझा हात आपोआप नाकाकडं गेला. भोक कधीच बुजलं, खूण आहे. आधीचं लेकरू गेलं की पुढच्याचं नाक टोचायचं, त्याला केरात ठेवून उचलायचं, नावही केरबाच ठेवायचं, म्हणजे मरण त्याच्याकडं बघत नाही. ही रीत मला ठाऊक होती गं! पण मला तू 'नवस होता' एवढंच सांगितलंस, आणि मी तुझा एकुलता एक म्हणून मिरवत राहिलो.

"माधव नाव हुतं त्याचं," आत्या म्हणाली. "तापानं दोन दिसांत गेला. तुझी माय म्हनली, ह्याचं नाव पुन्हा घरात काढू नगा, केरबाला बाधंल."

माधव! माय, दवाखान्यात शेवटी तू हेच नाव घेत होतीस. "माधवा, आलास का रं?" आणि मी पडलो मास्तर! दर वेळी चूक दुरुस्त करायचो, "माधव नाही, मी केरबा." चौथ्या दिवशी तू विचारायचं सोडलंस. एकदा 'ओ' म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं?

लहानपणी मी विचारायचो, "हा मीच ना?" तू "हाव, तूच" म्हणायचीस आणि फोटो पदरानं पुसून पेटीत ठेवायचीस. कसं जमलं गं तुला? माझ्याकडं बघताना कोण दिसायचं?

फ्लेक्स अजून चौकातच आहे. सकाळी दुधाला जाताना मी मान खाली घालतो, तरी तो बघतोच. त्याच्या चेहऱ्याखाली माझं नाव.

उद्या फ्लेक्स उतरवतो. फोटोच्या मागं 'माधव' असं माझ्या हातानं लिहीन आणि भिंतीवर तुझ्या तसबिरीशेजारी टांगीन. त्याचं नाव आता घरात घेतलं जाईल. या वयात मला काय बाधायचंय! आणि माय, पुन्हा त्याला हाक मारलीस तर चूक काढणार नाही. ओ देईन.

तुझा धाकटा,
केरबा