दोन विहिणी आणि बेडकाचं नाणं

ता. ४ मार्च

प्रिय विहीणबाईंस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, सगळे जिवंत आहेत. तुमची मुलगी तुमच्याकडे पोचली, माझा मुलगा काल माझ्याकडे आला, आणि त्या दोघांचं घर आता रिकामं आहे, एवढंच. चिरंजीवांनी येताना एक बॅग, एक कॉम्प्युटर आणि एक मरायला टेकलेलं कुंडीतलं झाड आणलं. मालकासकट सगळं बाहेरच्या खोलीत एका कोपऱ्यात आहे. त्यातल्या त्यात झाड बोलकं.

त्याने मला बजावलं आहे की आता त्या घराशी आपला संबंध संपला, तेव्हा फोन नाही की निरोप नाही. माझा फोन त्यानेच लावून दिलेला, त्यामुळे मी काय पाठवते ते त्याच्या कॉम्प्युटरवरही उमटतं. मी बरं म्हटलं आणि खाली जाऊन दहा पाकिटं घेऊन आले. पत्रांबद्दल तो काही बोलला नव्हता. हे तुमच्या कुलपांच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते. उत्तर माझ्या कामाच्या जागी, इस्पितळाच्या एक्स-रे विभागात पाठवा. तिथे प्रत्येक जण स्वतःच्या हाडांच्या काळजीत असतो, दुसऱ्याच्या टपालाकडे बघायला कोणाला सवड नाही.

नेमकं कशावरून फिसकटलं ते मला कळलेलं नाही. खोदून विचारलं तर तो म्हणाला की काही होतच नव्हतं, तेच झालं. आता याचा एक्स-रे कसा काढायचा ते सांगा.

मुद्द्याचं म्हणजे, आपल्या रविवारचं काय? चिरंजीवांचं मत तुम्हाला ठाऊक आहेच. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका फोनमध्ये दिशा बघत झुडपात शिरतात, कोणा अनोळखी माणसाने लपवलेला डबा शोधतात, आतल्या चिठ्ठीवर सही करतात आणि डब्यातलं नाणं उचलून दुसऱ्या डब्यात टाकून येतात, याला छंद म्हणत नाहीत, लक्षण म्हणतात. असेल. पण तुमचं बेडूक कोरलेलं नाणं सध्या माझ्या पर्समध्ये आहे. पाणीखात्याच्या भिंतीमागच्या डब्यात सापडलं. लग्नाच्या दिवशी आपण त्याला सोडलं, सात तळी बघून ये म्हणून या खेळाच्या साइटवर लिहिलं, आणि ओळख ना पाळख अशा लोकांनी त्याला पाच तळी फिरवलं. ते मी घरात ठेवून घेतलं तर चोरी होईल. कुठे आणू?

राग असला तर ठेवा, पण लोभाच्या शेजारी ठेवा.

तुमची,
मुलाकडची विहीण


ता. ९ मार्च

विहीणबाईंस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आमच्या ह्यांनी ते जाहिरात समजून खिळ्याला टोचलं होतं, मला दोन दिवसांनी दिसलं. त्यामुळे मधोमध एक भोक आहे. नेमकं ‘लोभ’ या शब्दात.

आधी भांडण उरकते, मग नाण्याचं बोलू. झाड माझ्या मुलीचं आहे. ते मरायला टेकलंय ते तुमच्या चिरंजीवांच्या हाती सोपवल्यामुळे. त्याला म्हणावं, रोज नको, दोन दिवसांआड पाणी घाल. माझी मुलगी आल्यापासून कपाटं आवरते आहे. माझ्याच घरात मला चमचा सापडत नाही. काल दुकानात आली आणि किल्ल्यांचे साचे आकाराप्रमाणे लावून ठेवले. तीस वर्षं ते मला अंधारातही सापडत होते, आता उजेडातही सापडत नाहीत. तिला काही म्हणायची सोय नाही, कारण म्हटलं की ती म्हणते ठीक आहे, आणि ते ‘ठीक आहे’ ऐकवत नाही.

तिनेही मला तेच बजावलं आहे. तुमच्याशी मी बोललेलं तिला सहन होणार नाही म्हणाली. मी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे शपथ नव्हे.

तर येत्या रविवारी दहाला. बागेतल्या तळ्याकाठी, बोटींच्या शेडमागचा डबा. तिथे आपल्या ओळखीचं कोणी फिरकत नाही. फक्त एक हात जोडून मागणं आहे. साइटवर नोंद करू नका. कुठला डबा कोणाला कधी सापडला हे तिथे अख्ख्या जगाला दिसतं. तुमची खोड मला माहीत आहे, नोंद केल्याशिवाय तुम्हाला शिंकही येत नाही.

नाणं विसरू नका. लोभ किती ते भेटल्यावर ठरवू.

तुमची,
मुलीकडची विहीण


ता. २४ मार्च

विहीणबाईंस,

या वेळी नमस्कार नाही, विशेषच आहे.

तळ्याकाठच्या त्या रविवारनंतर आठ दिवस थांबले, कारण लगेच लिहिलं असतं तर कागद जळला असता. तुम्ही म्हणालात की माझं यंत्र किल्ली कापायला जेवढा वेळ घेतं त्याच्या आत माझ्या मुलीने बॅग भरली. त्यावर मी तुमच्या मुलाबद्दल म्हणाले की त्याच्या आरपार दिसतं आणि आत काही नाही, ते मी मागे घेत नाही. पण त्यानंतर तुम्ही नाणं हातात धरून जे बोललात, की हा बेडूक पाच तळी टिकला आणि ही दोघं एका घरात तीन वर्षं टिकली नाहीत, ते तुम्ही हसत बोललात. मला हसू आलं नाही. माझी मुलगी घरात आहे. ती जेवताना ताटाकडे बघते, माझ्याकडे बघत नाही.

म्हणून मी नाणं तुमच्या हातातून ओढलं आणि तळ्यात भिरकावलं. माझं नाणं होतं. मला पश्चात्ताप नाही हे कळवण्यासाठी पत्र लिहिते आहे.

यापुढे रविवारी दुकान उघडं राहील.

लोभाचं तुमचं तुम्ही बघा.

कुलूपवाली


ता. १२ एप्रिल

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला आई लिहावं की नाही यात अर्धा दिवस गेला. मग लिहून टाकलं. पत्ता आईच्या गल्ल्यामागच्या पाकिटावरून घेतला. पाकिटाला भोक आहे, पण ‘एक्स-रे विभाग’ वाचता येतं.

मला सगळं कळलं आहे. पत्रांवरून नव्हे, ती नंतर सापडली. साइटवरून. बोटींच्या शेडमागच्या डब्यावर तुमची नोंद आहे की डबा सापडला, झाकण सैल आहे. त्याच तारखेला माझ्या आईची नोंद आहे की डबा सापडला, झाकण ठीक आहे, काही लोकांच्या जिभा सैल आहेत. ही नोंद आतापर्यंत चाळीस लोकांनी वाचली आहे. एकाने खाली विचारलंय की दुरुस्तीला कोणी गेलं का.

पहिल्यांदा मला खूप राग आला. मी आईसमोर फोन धरला. तिने चष्मा शोधण्याचं निमित्त केलं आणि दुकानात निघून गेली. पण दर रविवारी ती कुठे जाते म्हणून मागच्या रविवारी तिच्या मागे गेले. ती तळ्यावर जाते. दोरीला मोठं लोहचुंबक बांधून ते पाण्यात सोडते आणि ओढते. एक सायकलची साखळी, दोन आकडे आणि एक पत्र्याचा डबा निघाला. नाणं पितळेचं आहे, लोहचुंबकाला पितळ चिकटत नाही, हे जन्मभर पितळेच्या किल्ल्या कापणाऱ्या बाईला मी सांगायला हवं का? मी सांगितलं. ती म्हणाली की माहीत आहे. आणि पुन्हा दोरी सोडली.

आमचं आता ठरलं आहे. एकोणतीस तारखेला कोर्टात सह्या आहेत. तुमचा मुलगा वाईट नाही. आम्ही एकमेकांशी इतकं नीट वागायला लागलो होतो, जसं दवाखान्यात शेजारी बसलेली माणसं वागतात. मला तसं म्हातारं व्हायचं नव्हतं. आईला हे मी सांगू शकले नाही, तुम्हाला लिहिता येतंय, हे विचित्रच आहे.

तुमच्याशी बोलू नको असं मी आईला सांगितलं, आणि स्वतः दर आठवड्याला साइटवर तुमच्या नोंदी बघत होते. मागच्या महिन्यात तुम्ही दहा दिवस एकही डबा शोधला नाहीत तेव्हा मला वाटलं तुम्ही आजारी आहात. विचारायचं कोणाला? मी नवऱ्याला सोडते आहे. तुम्हालाही सोडावं लागेल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तेवढं आईला लिहा. तिचा हात दोरीने सोलवटला आहे.

झाडाला दोन दिवसांआडच पाणी घालायला सांगा. माझ्यावर राग नसला तर कळवा, असला तर नका कळवू.

तुमची,
अजून सतरा दिवस सून


ता. १५ एप्रिल

प्रिय विहीणबाईंस,
सा. न. वि. वि.

माझं चुकलं. हे वाक्य लिहायला मला दोन पानं फाडावी लागली, तेव्हा त्याची किंमत करा.

इस्पितळात मी दिवसाला पन्नास माणसांना श्वास रोखायला सांगते आणि फोटो निघाला की सोडा म्हणते. या वेळी मीच श्वास रोखून बसले आणि सोडा म्हणणारं कोणी नव्हतं. मग तुमच्या मुलीचं पत्र आलं. अंधाऱ्या खोलीत बसून वाचलं, बाहेर एक मोडकं मनगट ताटकळत होतं. मी त्या दिवशी हसले ते मला हसू आलं म्हणून नव्हे. माझा मुलगा रोज संध्याकाळी त्या झाडाशेजारी बसतो आणि मला काय करावं ते सुचत नाही. सुचलं नाही की मी वात्रटासारखं बोलते. सासरीही याच कारणाने माझं कधी कोणाशी पटलं नाही.

आता कामाचं. लोहचुंबक घरी ठेवा, लाज वाटते. रविवारी दहाला मी दोन गमबूट, एक लांब काठी आणि मोठी गाळणी घेऊन येते. गाळणी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली आहे, हे कोणाला सांगू नका. नाही मिळालं तर सहावं तळं झालं असं समजू. बेडकाला तळ्यात टाकणं नियमाबाहेर नाही, पद्धत जरा आडदांड होती.

नोंद मी करणार. आता लपवण्यासारखं काय उरलंय? चाळीस लोक वाट बघतायत.

तुमच्या हाताला मलम लावा आणि माझ्यावरचा लोभ, राहिला असेल तेवढा, तसाच झाकून ठेवा.

तुमची,
सैल जिभेची विहीण


ता. ३० एप्रिल

बाई,
सा. न. वि. वि.

वर काय लिहावं ते सुचेना. काल सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी तुमची विहीण राहिले नाही. चुलत सासूच्या मावसबहिणीलाही आपल्याकडे काहीतरी म्हणता येतं, पण मोडलेल्या विहिणीला शब्द नाही. कोणाला गरज पडली नसावी. सापडेपर्यंत बाईच म्हणते.

तळ्याने त्या दिवशी आपल्याला तीन किल्ल्या, एक चमचा आणि कोणाची तरी वरची कवळी दिली, बेडूक दिला नाही. मी त्याला साइटवर हरवलेल्यांत घातलेलं नाही. सहाव्या तळ्यात मुक्काम वाढवला आहे एवढंच लिहिलं. गाळणी धुऊन परत केलीत ना? कवळी तिच्यात होती म्हणून विचारते.

काल कोर्टातल्या त्या शिपायाचं तोंड मला जन्मभर आठवेल. लग्नाच्या मांडवात विचारावं तसं त्याने विचारलं की तुम्ही मुलाकडच्या की मुलीकडच्या, म्हणजे त्याप्रमाणे डावीकडे किंवा उजवीकडे बसवतो. तुम्ही त्याला शांतपणे सांगितलंत की आम्ही आयांकडच्या. आणि दाराशी मधल्या बाकावर बसलात आणि मलाही ओढून बसवलंत.

पण तुम्ही दोघं गेल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

मुलगी बसच्या थांब्यापर्यंत ताठ चालली. थांब्यावर पोचल्यावर रडली. मी तिची बॅग धरून उभी राहिले. मला समजूत घालता येत नाही, कुलूप अडलं तर तेल घालता येतं. दोन बस गेल्या. मग तिने नाक पुसलं आणि विचारलं की इथे जवळपास एखादा डबा आहे का. तीन वर्षांत तिने आपल्याला नावं ठेवण्यापलीकडे या छंदाला हात लावला नव्हता. मी फोन काढला. कोर्टाच्याच इमारतीच्या मागच्या जिन्याजवळ एक आहे असं दिसलं. तुम्हालाही दिसलं होतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

मी सांगितलेल्या सगळ्या जागा चुकल्या. तिने कठड्याखाली हात घातला आणि पहिल्या झटक्यात डबी काढली, बोटाएवढी, चुंबकाने चिकटवलेली. आत गुंडाळलेली चिठ्ठी. ती तिने उलगडली. शेवटच्या दोन सह्या कालच्याच तारखेच्या होत्या, पुढे वेळ साडेदहाची. एक तुमची, आणि तिच्याखाली तुमच्या मुलाची. म्हणजे सह्यांआधी तुम्ही त्याला तिथे घेऊन गेला होतात. भीती वाटत होती म्हणून नेलंत की पाय मोकळे करायला, ते मला सांगायचं तर सांगा.

मला वाटलं ती चिठ्ठी परत गुंडाळून ठेवेल. तिने ती उजेडात धरली, नीट बघितली, म्हणाली की याचं अक्षर अजून कोंबडीचे पाय उमटल्यासारखंच आहे. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं, चिठ्ठी माझ्या पाठीवर ठेवली आणि त्याच्या सहीखाली सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत होती, ती मला मानेवर लागत होती.

लोभ आहे. तो कोणत्या नात्याने, ते विचारू नका.

तुमची,
मुलीची आई