ओवाळणीचं तेल

सावेडी, अहमदनगर
१४ नोव्हेंबर १९९४

चि. सुमंत यास लीनाताईचे अनेक आशीर्वाद.

यंदा भाऊबीजेला साडी नको, तुझ्या फियाटचं तेल मीच बदलून देतो, म्हणालास. दिलंस. मी तुला ओवाळलं, पोटभर जेवायला घातलं, आणि तू नाशिकला पोचतोस न पोचतोस तोच गाडी निळा धूर ओकायला लागली. काल मी गल्लीत वळले, तर डासांची फवारणी आली समजून शेजारच्या साळूबाईंनी वाळत घातलेले कपडे आत नेले.

गोरक्षनाथ मिस्त्री लांबूनच म्हणाला, बाई, इंजिन उघडावं लागंल. नाडी न बघता ऑपरेशन! तिकडे राहुरीला भागिरथी पाय मोडून पडली आहे. आम्ही तीस वर्षं एका शाळेत शिकवलं. दर गुरुवारी मी गेले नाही, तर ती सुनेशी भांडून वेळ काढते. एस.टी.ची पायरी माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. तेव्हा नक्की काय केलंस, ते खरं खरं कळव.

प्रणिताला आशीर्वाद. तुझ्यावर माया आहेच, रागही आहे. दोन्ही जपून ठेव.

लीनाताई


नाशिक
१८ नोव्हेंबर १९९४

ती. लीनाताईस सुमंतचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, चटकाही पोचला. माझं काही चुकलेलं नाही. तुझ्या फाटकापाशी गाडी होती तिथेच जुनं तेल काढलं, नवं ओतलं, पट्टी बुडवून पाहिली. कमी दिसलं, म्हणून आणखी ओतलं. ओवाळणीत हात आखडता कशाला? वरच्या खुणेला तेल टेकल्यावरच थांबलो.

निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. पिस्टनच्या रिंगा झिजून गेल्या. गाडी सव्वीस वर्षांची, तू बासष्टची. दोघींनी आता घरी बसावं. (हे लिहू नका, असं प्रणिता म्हणत होती.) श्रीरामपूरच्या छगनशेटना मी शब्द दिला आहे. रविवारी, सत्तावीसला, ते गाडी न्यायला येतील. त्यांच्याशी जरा गोड बोल.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

सुमंत


सावेडी, अहमदनगर
२८ नोव्हेंबर १९९४

चि. सुमंत यास अनेक आशीर्वाद.

माझी गाडी विकायचा शब्द तू दिलास? उद्या माझी कवळीही विकशील!

गुरुवारी धूर सोडत का होईना, राहुरीला निघाले. पेट्रोल पंपावरच्या आसारामने तेलाची पट्टी ओढली आणि म्हणाला, बाई, तेल लई झालंय, खुणेच्या वर दोन बोटं हाय. घरी येऊन पाहते, तर तेल बरोबर खुणेवर! मी बॉनेट उघडं टाकून घटकाभर उभीच राहिले. पंपावर सपाट जमीन. माझ्या फाटकापाशी उतार. सेल्फचा भरवसा नाही, म्हणून गाडी कायम तिथे नाक खाली करून ठेवते; सोडली की सुरू होते. मग सगळं तेल नाकाकडे धावणार आणि पट्टीपाशी कमीच दिसणार. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये मोजपात्र हातात धरून पाणी मोजलं, की सिस्टर बर्नडेट बोटांवर छडी मारायच्या. आधी टेबल सपाट, मग मोजमाप. आणि तू म्हणे कॉलेजात फिजिक्स शिकवलंस!

शुक्रवारी गोरक्षनाथकडून सपाट रस्त्यावर जास्तीचं तेल काढवलं. लिटरभर निघालं. शनिवारी नागापूरपर्यंत दोन चकरा मारल्या, उरलंसुरलं जळून गेलं आणि धूर गायब. आता तोच म्हणतो, रिंगा ठणठणीत हायेत.

छगनशेट आले. मी गोड बोलले, चहा दिला, आणि त्याच गाडीतून त्यांना स्टँडवर सोडलं. बिचारे सारखे मागे वळून धूर शोधत होते.

तुझी ओवाळणी बाटलीत भरून ठेवली आहे. पुढच्या भाऊबीजेला साडीच आण. आशीर्वाद आहेतच, तुला गरजही आहे.

लीनाताई


नाशिक
२ डिसेंबर १९९४

ती. लीनाताईस सुमंतचा सा. न. वि. वि.

कान पकडले. प्रणिताने तुझं पत्र मोठ्याने वाचलं, दोनदा. तिच्या हसण्याला आणखी एक कारण आहे, ते तुला कळवलं नव्हतं. तुझ्याकडून परतल्यावर त्याच उत्साहात मी आमच्या गाडीचंही तेल बदललं. आमची गाडीही दारातल्या उतारावर नाक खाली करूनच उभी असते. शेजारी तीन आठवडे खिडक्या लावून बसले आहेत, आणि सोमवारी इंजिन उघडायला द्यायचं ठरलं होतं.

ते आता थांबवलं आहे. पण सपाट जागा कुठली, हे ठरवण्याचं काम प्रणिता माझ्यावर सोपवायला तयार नाही. ताईंनाच बोलवा म्हणते. गुरुवार भागिरथीताईंचा, तो सोडून कधीही ये. एस.टी.ने नको. गाडीनेच ये.

लोभ असू दे. तो खुणेच्या वर गेला तरी चालेल.

सुमंत