चिमट्यातलं लोखंड

१४ मार्च

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार. पाच महिने पत्र नाही, रागावला असशील तर रास्तच आहे. कामात होते असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. धीर होत नव्हता.

पाण्यातून हायड्रोजन काढायला वीज कमी लागावी म्हणून मी निकेल ऑक्साइडचे थर बनवते, हे तुला ठाऊक आहेच. ऑगस्टपासून बुडबुडे असे सुटू लागले की शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक बघायला आले. त्यावरचा लेख स्वीकारला गेला, आणि त्याच्याच जोरावर माझी नोकरी कायम होणार आहे.

पण थर धरायला तू लेथवर बनवून दिलेला पोलादी चिमटा मी ऑगस्टमध्येच वापरायला घेतला होता. त्यातलं लोखंड कणाकणाने द्रावणात उतरलं आणि थरात जाऊन बसलं. चिमट्याऐवजी प्लॅटिनमच्या तारेवर नवा थर टांगला, तर बुडबुडे मंदावले. म्हणजे कमाल त्या लोखंडाची होती, आणि लेखात मी ती माझ्या थराची म्हटली आहे. विभागप्रमुख म्हणाले, कोण बघतंय? मी काय करू? इथे विचारायला कोणी नाही. जेवताना समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवते, म्हणजे टेबल रिकामं वाटत नाही.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटी

२२ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.
वहिनी म्हणते, एवढी शिकली आणि चिमट्याने फसली! मी कारखान्यात सांगत सुटलो होतो की माझ्या चिमट्याशिवाय बाईंचं पान हलत नाही. ते भलतंच खरं निघालं.

गप्प राहू का, हे मला विचारू नकोस. मी हो म्हणेन. मला तू तिथे मोठी झालेली हवी आहेस. नाहीच जमलं तर मागची खोली रिकामी आहे.

जेवत जा वेळेवर.
दादा

२ एप्रिल

ती. दादास नमस्कार.
तुझा ‘हो’ वाचून आधी बरं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. दोष चिमट्याचा नाही. आकडे वाईट आले असते तर तो मी पहिल्याच दिवशी काढून पाहिला असता. चांगले आले, म्हणून तपासले नाहीत.

आज प्रमुखांना सांगितलं, मी गप्प राहणार नाही. ते म्हणाले, मग नोकरीची मुदत जूनपर्यंतच. सामान आवरायला पुरेल. खोलीत लगेच येणार नाही, दादा. तुझ्या कारखान्यात माझं कौतुक जरा विसरलं जाऊ दे.

तू मात्र विसरू नकोस.
धाकटी

तिच्या वहीतली नोंद. उद्या: लेख मागे घेत असल्याचं संपादकांना कळवणे.