मागची खोली

३ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझा पाय मोडल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळतं, तेही तुझ्या प्रेसमधल्या बाईंकडून! याला काय म्हणायचं? मी ह्यांच्या मागे लागून लगेच मागची खोली रंगवून घेतली. तुला आवडतो तसा फिका पिवळा. खिडकीपाशी टेबल ठेवलंय, प्रुफं तिथे बसून तपास की. तुझी पन्नाशी दोन वर्षांवर आली. तिथे तू एकटीच राहतेस, एकटीच जेवतेस, या विचाराने माझ्या घशाखाली घास उतरत नाही. महिनाअखेर ते घर सोड आणि कायमची इकडे ये. नाही म्हणू नकोस, मी सगळ्यांना सांगून बसलेय.

लोभ आहेच, तो घ्यायला तरी ये.

तुझी
ताई

११ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा हातात लाल पेन होतं, धंद्याची खोड. दोन ठिकाणी ‘एकटीच’ लिहिलंयस, दोन्हीकडचा ‘च’ मी उडवलाय. आता वाचून बघ. एकटी राहतेस, एकटी जेवतेस. वाक्य अगदी बरोबर आहे, आणि रडण्यासारखं त्यात काही उरलं नाही.

पडले तेव्हा घाबरले होते, खोटं कशाला बोलू. ती संध्याकाळ रडण्यातच गेली. पण वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दोन्ही वेळा डबा आणतात आणि एकदा बसल्या की उठत नाहीत. शेवटी मलाच झोप आल्याचं सोंग करावं लागतं. प्रुफं घरी येतात. दिवसभर लोकांच्या चुका काढते आणि वर लोक माझेच आभार मानतात.

ताई, मी सुखात आहे. माझं लग्न मोडलं तेव्हा तू माझ्याहून जास्त रडलीस, ते मी विसरले नाही. पण आता ते पुरे. मी घर सोडणार नाही. रागाव हवं तर, अबोला मात्र धरू नकोस.

भाऊजींना नमस्कार. लोभ रागासकट चालेल.

तुझी
धाकटी

२ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तीन आठवडे मुद्दाम लिहिलं नाही. रागच आला होता. सगळ्यांपुढे माझं हसं झालं, ते वेगळंच.

गेल्या मंगळवारी दुपारी त्या खोलीतलं टेबल हलवायला गेले. दमले, म्हणून दार लोटून जरा आडवी झाले. मी बाजारात गेलेय असं समजून दोन तास कुणी मला हाक मारली नाही. ह्यांनी नाही, मुलाने नाही, सुनेने नाही. धाकटे, तीस वर्षांत पहिल्यांदा मी दोन तास कुणाची कुणी नव्हते. उठले तेव्हा रडू आलं, आणि ते तुझ्यासाठी नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दाराला आतून कडी बसवून घेतली. ह्यांना स्वतःचा चहा स्वतः करता येतो, असं आता उघडकीला आलंय.

पाय बरा झाला की चार दिवस ये, हक्काने ये. फक्त झोपायला बाहेर, ह्यांच्या रेडिओशेजारी. मागची खोली माझी आहे.

तुझी
ताई